हाक आणि ओ : टेलिफोनच्या घंटेचा इतिहास

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



समोर टेबलावर हा काळा फोन ठेवलाय, तो बघून निम्म्या लोकांना आपलं बालपण आठवलं असेल आणि उरलेल्यांना सिनेमा. बॅकेलाइटचा, डायलचा, बंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा. शेजारी एक हँडल असलेली पेटी आहे. तिचं काम नंतर. आज मी बोलणार आहे ते या फोनच्या घंटेविषयी. तत्त्वज्ञानाच्या माणसाला घंटेचं काय, असं काहींना वाटेल. पण गेल्या पावसाळ्यात ही घंटा दुरुस्त करताना मला इतिहासाचा जो धडा मिळाला, तो पस्तीस वर्षं वर्गात शिकवूनही इतका स्वच्छ कळला नव्हता.

फोन माझा नाही. आमच्या शेजारच्या काकूंचा आहे. काकू आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. आमची इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा माळे रिकामे झाले आणि हा खाली आला. एके काळी अख्ख्या इमारतीत हा एकच फोन होता. लोकांच्या लग्नपत्रिकांवर, व्हिजिटिंग कार्डांवर यांचा नंबर आणि पुढे कंसात 'पी. पी.'. नव्या मंडळींसाठी सांगतो, पी. पी. म्हणजे शेजाऱ्याचा फोन, माणसाला बोलावून देणारा. फोन भंगारात द्यायचा होता, पण काकू म्हणाल्या, "बघ रे एकदा, वाजतो का." बोलतो का, असं त्या म्हणाल्या नाहीत. वाजतो का, असं म्हणाल्या. हा फरक लक्षात ठेवा, कारण माझं सगळं व्याख्यान त्यावरच उभं आहे.

कॉलिंगवूड नावाचा ऑक्सफर्डचा एक तत्त्वज्ञ होऊन गेला. तत्त्वज्ञ आणि शिवाय रोमन काळातल्या ब्रिटनचं उत्खनन करणारा. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो लंडनमध्ये रोज अल्बर्ट स्मारकावरून चालत जायचा. त्याला ते अतिशय कुरूप वाटायचं. मग एक दिवस त्यानं स्वतःला विचारलं, की ज्यानं हे बांधलं त्याला नेमकं काय करायचं होतं? यातून त्याचा सिद्धान्त निघाला. 1939 साली आलेल्या आत्मचरित्रात तो सांगतो, की माणसानं केलेली कुठलीही गोष्ट, मग ते विधान असो, इमारत असो की खंदक, हे कशाचं तरी उत्तर असतं. प्रश्न माहीत नसेल तर उत्तर कळत नाही. इतिहासकाराचं काम म्हणजे तो हरवलेला प्रश्न शोधणं.

मी फोन उघडला तेव्हा तळाशी अनेक उत्तरं पडली होती आणि प्रश्न एकही माहीत नव्हता. दोन धातूच्या वाट्या. त्यांच्यामध्ये एक छोटी हातोडी. हातोडीला जोडलेली लोखंडी पट्टी, तिच्याखाली केसाहून बारीक तारेची दोन वेटोळी आणि एक कायमचा चुंबक. बाजूला कंडेन्सर. साध्या दाराच्या बेलला एक वाटी पुरते, इथं दोन का? विजेचा चुंबक आहे, मग वर कायमचा चुंबक कशाला? आणि तो कंडेन्सर घंटेच्या वाटेत का बसलाय?

पहिला प्रश्न शोधायला 1876 सालात जावं लागतं. 10 मार्चला बॉस्टनमध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं शेजारच्या खोलीतल्या आपल्या साहाय्यकाला, थॉमस वॉटसनला, यंत्रातून बोलावलं. इकडे या, मला तुम्हाला भेटायचंय, अशा अर्थाचं ते वाक्य. ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलीये. पण त्यातली मेख बघा. टेलिफोनवरचं पहिलं वाक्य ही एक हाक होती, आणि ती पोचली कारण वॉटसन यंत्राला कान लावूनच बसला होता! (हशा) तो जर खिडकीशी उभा असता, तर टेलिफोनचा शोध त्या दिवशी लागला नसता.

म्हणजे बोलणं दूर नेण्याचा प्रश्न सुटला होता. जो ऐकत नाहीये त्याला ऐकायला कसं बोलवायचं, हा प्रश्न कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. हाक मारणं वेगळं, बोलणं वेगळं. आपण 'हाकेच्या अंतरावर' म्हणतो. 'बोलण्याच्या अंतरावर' म्हणत नाही. बेलनं बोलण्याचं अंतर संपवलं, पण हाकेचं अंतर होतं तेवढंच राहिलं.

यावर कोणी विनोद केला असेल असं वाटतं, पण एडिसननं हे गंभीरपणे लिहिलंय. 1877 च्या ऑगस्टमध्ये पिट्सबर्गच्या एका तार कंपनीच्या प्रमुखाला त्यानं कळवलं, की बोलावण्यासाठी घंटेची गरज पडेल असं वाटत नाही, कारण 'हॅलो' हा शब्द दहा ते वीस फुटांवरून ऐकू येतो. आपण फोन उचलून 'हॅलो' म्हणतो, त्या शब्दाच्या टेलिफोनी जन्माशी हे पत्र जोडलं जातं. बेलसाहेबांना 'अहॉय' हवं होतं, खलाशांची हाक. पण दहा ते वीस फूट, हेच तर हाकेचं अंतर. घरातला माणूस परसात असला की संपलं.

त्याच 1877 साली बॉस्टनच्या चार्ल्स विल्यम्सच्या कारखान्यातून सॉमरव्हिलमधल्या त्याच्या घरापर्यंत तार टाकली गेली. कायमची अशी ही पहिली टेलिफोनची लाइन मानतात. आता कारखान्यातून घरच्यांना बोलवायचं कसं? पेन्सिलीचं बूड यंत्राच्या पडद्यावर ठोकायचं. त्याची टकटक पलीकडे ऐकू यायची. पडदा नाजूक, रोज ठोकून टिकणार किती? म्हणून वॉटसननं पेटीच्या आतच एक हातोडी बसवली. मग गुणगुणणारा बझर केला. तो लोकांना फार कर्कश वाटला. आणि शेवटी 1878 च्या सुमारास आली ती ध्रुवित घंटा, पोलराइज्ड बेल. आज या फोनच्या पोटात आहे ती, थोड्याफार फरकानं, तीच. हे सगळं वॉटसननं 1913 साली टेलिफोनच्या जुन्या मंडळींपुढे केलेल्या भाषणात सांगितलंय. बेलचं नाव जगाला माहीत आहे. योगायोग असा की इंग्रजीत त्या आडनावाचा अर्थच घंटा. पण घंटा दिली ती वॉटसननं.

आता कायमचा चुंबक का, ते बघू. दाराच्या साध्या विजेच्या बेलमध्ये एक स्पर्शबिंदू असतो. पट्टी ओढली गेली की तो तुटतो, प्रवाह थांबतो, पट्टी मागे येते, परत जुळतो. ठिणग्या उडतात, बिंदू जळतो, काळा पडतो. शिवाय त्याला बऱ्यापैकी प्रवाह लागतो. मैलभर लांब तारेच्या टोकाला बॅटरीचा किती प्रवाह उरणार? वॉटसननं प्रत्यावर्ती प्रवाह वापरला, दिशा सतत उलटसुलट बदलणारा. कायमच्या चुंबकामुळे दोन्ही वेटोळ्यांत आधीपासून थोडं चुंबकत्व असतं. प्रवाह एका दिशेनं गेला की एका बाजूचं वाढतं, दुसरीचं घटतं. पट्टी इकडे कलते. दिशा बदलली की तिकडे. तराजूसारखी. मध्ये कुठं तुटणारा बिंदू नाही, ठिणगी नाही. म्हणून दोन वाट्या: जाताना एक टोला, येताना दुसरा. प्रवाह सेकंदाला 25 आवर्तनांचा असेल तर सेकंदाला 50 टोले. दोन्ही वाट्यांचे स्वर थोडे वेगळे असले की आवाज इतर गोंगाटातून उठून दिसतो.

हा प्रवाह आणायचा कुठून? ही बाजूची पेटी म्हणजे त्याचं उत्तर. मॅग्नेटो. जुन्या बाजारातून आणली. आत नालाकृती चुंबक आहेत, मध्ये तारेचं वेटोळं. हँडल फिरवलं की वीज तयार होते. म्हणजे बोलावणाऱ्याच्या हाताचं बळ पलीकडच्या घंटेत पोचायचं. आपल्याकडे 1882 साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथं ओरिएंटल टेलिफोन कंपनीची एक्स्चेंजेस सुरू झाली. नंतर शहरांत स्वयंचलित यंत्रणा आली, पण लहान गावांत हे हँडलचे फोन कित्येक दशकं टिकून होते. हँडल फिरवलं की एक्स्चेंजच्या फळ्यावर त्या नंबरची झडप पडायची आणि ऑपरेटर विचारायचा, "नंबर प्लीज." तिशीच्या पुढच्या काहींनी तरी हे गावी पाहिलं असेल. नाही? बरं, साठीच्या पुढच्या म्हणू. (हशा)

वॉटसनच्या भाषणात एक फार मजेशीर जागा आहे. घंटा आणि बोलण्याचं यंत्र एकाच तारेवर. वाट पाहताना तार घंटेला जोडलेली हवी, बोलताना यंत्राला. सुरुवातीला ही अदलाबदल माणसानं हातानं कळ फिरवून करायची होती. लोक बोलणं झाल्यावर कळ परत फिरवायला विसरायचे. मग त्यांची घंटा मुकी. अनेक खटपटींनंतर उत्तर निघालं, ते म्हणजे रिसीव्हर अडकवायचा आकडा. माणूस रिसीव्हर आपसूक खाली ठेवणारच, त्याच्याच वजनानं कळ फिरेल. आज आपण 'फोन ठेवला' म्हणतो ना, त्यातलं 'ठेवणं' हे माणसाच्या विसराळूपणावरचं उत्तर आहे. यंत्राच्या इतिहासात माणसाचा स्वभाव असा जागोजागी अडकलेला सापडतो.

आता कंडेन्सर. मला सगळ्यांत जास्त आवडलेलं उत्तर हे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून घराघरांतल्या बॅटऱ्या काढून एक्स्चेंजमध्ये एकच मोठी बॅटरी ठेवण्याची पद्धत आली. सुमारे 50 व्होल्टचा एकदिश दाब सतत तुमच्या तारेवर असतो. रिसीव्हर ठेवलेला असताना प्रवाह वाहत नाही. उचलला की मंडल पूर्ण होतं, प्रवाह वाहतो, आणि त्यावरून एक्स्चेंजला कळतं की या घरानं फोन उचलला. पण घंटा तर सतत तारेला जोडलेली असते, तिला सुट्टी नाही. तिच्या वेटोळ्यांतून हा प्रवाह वाहू लागला, तर एक्स्चेंजला वाटेल की फोन उचलूनच ठेवलाय. म्हणून घंटेच्या वाटेत कंडेन्सर बसवला. अशा फोनमध्ये साधारण 2 मायक्रोफॅरडचा. तो एकदिश प्रवाह अडवतो, पण घंटेसाठी एक्स्चेंज जो 75 व्होल्टच्या आसपासचा प्रत्यावर्ती प्रवाह पाठवतं, त्याला वाट देतो.

मराठीत सांगायचं तर हाक आत येऊ द्यायची, पण घरानं 'ओ' दिली असं होऊ द्यायचं नाही. रिसीव्हर उचलणं म्हणजे ओ देणं. ओ मिळाल्याबरोबर एक्स्चेंज घंटा थांबवतं. हाक ही पलीकडच्याची, ओ ही आपली. या दोहोंची गल्लत होऊ न देणं, एवढंच त्या मेणकागदाच्या डबीचं काम. आपल्याकडची घंटाही बघा कशी वाजायची: ट्रिंग ट्रिंग, मग दोन सेकंद शांतता. पुन्हा ट्रिंग ट्रिंग. हाक मारणारा माणूससुद्धा असाच मारतो. दोनदा नाव घेतो आणि ओ येते का म्हणून थांबतो.

आता दुरुस्तीकडे येतो. कुणाला घरी करायची असेल तर आधी एक सूचना. फोन लाइनपासून सोडवल्याशिवाय उघडू नका. तुमचा हात तारेवर असताना रिंग आली, तर चांगला झटका बसतो.

या घंटेत तीन दोष निघाले. पहिला, मल्टिमीटर लावला तर दोन वेटोळ्यांपैकी एक मृत. दोन्ही मिळून हजार ओहमच्या आसपास यायला हवे होते. अशी तार बहुधा आत तुटत नाही, टोकाला तुटते, सोल्डर केलेल्या जागी, जिथं दमट हवेनं हिरवा कळंक चढतो. बाहेरचा एक वेढा उलगडला, टोक हलकेच खरवडलं, नवा सोल्डर दिला. वेटोळं जिवंत झालं. दुसरा दोष कंडेन्सरचा. कागदाला ओल लागून तो गळका झाला होता. गळका कंडेन्सर म्हणजे न बोलावता ओ देणारा. तो सोडवून तेवढ्याच क्षमतेचा, 250 व्होल्ट सोसणारा नवा प्लॅस्टिक फिल्मचा बसवला. जोडणी मात्र होती तशीच: लाइनच्या एका तारेपासून कंडेन्सर, तिथून पहिलं वेटोळं, मग दुसरं, आणि तिथून लाइनची दुसरी तार. वाट्यांची भोकं किंचित बाजूला पाडलेली असतात, त्यामुळे वाटी नुसती फिरवली की हातोडीपासूनचं अंतर कमीजास्त होतं. हातोडी वाटीला चिकटून राहिली तर खडखड येते, नाद येत नाही. टोला देऊन तिनं लगेच सुटायला हवं.

एक गंमत झाली. घरातल्या दुसऱ्या जुन्या डायलच्या फोनला हा समांतर जोडून बघितला. तिकडे डायल फिरवलं की इकडे घंटा हळूच किणकिणायची. डायल म्हणजे तरी काय, सेकंदाला दहाच्या गतीनं प्रवाह तोडणं. तेवढ्या धक्क्यांनी हातोडी हलते. लाइनच्या दोन तारा उलट करून जोडल्या आणि किणकिण थांबली, कारण आता प्रत्येक धक्का हातोडीला ती टेकलेल्या बाजूलाच आणखी दाबत होता.

तिसरा दोष हा दोष होता की नाही, तेच मला ठरवता येईना. हातोडी आणि एका वाटीच्या मध्ये कापडाची घडी खुपसलेली होती. जुन्या सुती धोतराचा तुकडा असावा. नीट घडी घातलेला, दोऱ्यानं बांधलेला. उंदरानं नेलेला नव्हे, माणसानं ठेवलेला. मला आधी वाटलं, काढून टाकावा. मग कॉलिंगवूड आठवला. हे कशाचं उत्तर आहे?

काकूंना विचारलं. त्या एकदम म्हणाल्या, "ह्यांची रात्रपाळी असायची ना." काका सकाळी येऊन झोपायचे आणि दिवसभर इमारतीचे फोन. कुणाचं बाळंतपण, कुणाची नोकरीची मुलाखत, कुणाच्या गावी कोण गेलं. फोन बंद ठेवावा, तर लोकांची हाक बंद होते. चालू ठेवावा, तर माणसाला झोप नाही. काकांनी एक वाटी मुकी केली, दुसरी ठेवली. स्वयंपाकघरात काकूंना ऐकू येईल आणि आतल्या खोलीत काकांना येणार नाही, एवढाच आवाज. त्या म्हणाल्या, "एकदा मी पाणी भरत होते. नळाच्या आवाजात ऐकूच आला नाही. वरच्या मजल्यावरच्यांकडची वाईट बातमी होती. संध्याकाळी कळली. ते काही बोलले नाहीत, पण मला अजून लागून राहिलंय." हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, त्या फोनकडे बघत होत्या.

तर मित्रहो, वॉटसनपुढे प्रश्न होता, ऐकत नसलेल्याला बोलवायचं कसं. शंभर वर्षांच्या आत एका इमारतीत त्याच्या उलट प्रश्न उभा राहिला. ज्याला सगळेच बोलावतात, त्यानं किती ऐकायचं? पहिल्याचं उत्तर देणारा इतिहासात आहे. दुसऱ्याचं उत्तर धोतराच्या तुकड्यानं दिलं गेलं. त्याची नोंद कुठेच नाही, आणि मी तो तुकडा कचरा म्हणून टाकला असता, तर ती कायमची पुसली गेली असती. दुरुस्ती करणाऱ्या माणसाची ही खरी जोखीम आहे. वस्तू नवीसारखी करण्याच्या नादात आपण तिचं आयुष्य पुसतो. वस्तू कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती तशी करायची, की ती शेवटच्या दिवशी जशी होती तशी ठेवायची? याला एकच उत्तर आहे असं मला वाटत नाही. मी माझ्यापुरता नियम केला: जे बदलायचं ते परत फिरवता येईल असं बदलायचं, जे काढायचं ते जवळ ठेवायचं, आणि ज्याचं आयुष्य आहे त्याला विचारायचं.

मी काकूंना विचारलं, कापड काढू का. त्या म्हणाल्या, "काढ की. आता दिवसा कोण झोपलंय?"

म्हणून काढलं. ते कापड आणि जुना कंडेन्सर पाकिटात घालून फोनसोबतच ठेवलाय. कुठे काय होतं, कोणी का ठेवलं होतं, ते चिठ्ठीवर लिहिलंय. वाटीच्या आतल्या कडेला कापडाचा फिकट डाग होता. तो पुसला नाही.

आता हा फोन कुठे जोडणार? आमच्याकडे तांब्याची तार गेली, काचेची आली. काचेतून प्रकाश जातो, घंटा वाजवणारी वीज जात नाही. ती आता घरातल्या फायबरच्या डब्यात तयार होते. आधी एक्स्चेंजची बॅटरी असायची, त्यामुळे वीज गेली तरी फोन वाजायचा. आता घरातली वीज गेली की हाकही गेली. डब्याचा जोर कमी, म्हणून सुरुवातीला नुसती कुरकुर आली. वाट्या आणखी जवळ घेतल्या, तेव्हा नीट वाजला. डायल मात्र आमच्या डब्याला कळत नाही. म्हणजे हा फोन आता हाक ऐकतो, ओ देतो, बोलतो, पण स्वतःहून कुणाला हाक मारू शकत नाही. काकूंची त्याबद्दल तक्रार नाही. त्या रोज संध्याकाळी सातला त्याच्याजवळ बसतात. मुलगा त्या वेळेला करतो. मोबाइल आहे त्यांच्याकडे. पण तो वाजला तर कुणाचा वाजतोय ते कळत नाही म्हणतात.

आता ही पेटी. हिच्या तारा मी फोनला जोडल्या आहेत. हँडल 1878 च्या पद्धतीचं, घंटा काकूंची. पुढच्या रांगेतलं कुणीतरी या आणि फिरवा. जोरात नको, एकसारखं. सेकंदाला तीनेक फेरे.

(घंटा वाजते.)

ऐकलंत? मागच्या रांगेतल्या दोघांचे हात खिशाकडे गेले. (हशा) दीडशे वर्षं होत आली, पण हाक ऐकली की माणूस हलतो. ओ द्यायची की नाही, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं.